नव्या प्लेटा टाकण्याआधी कुलर तपासा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये वेरावळच्या एका मच्छीमार बोटीचा गिअरबॉक्स आला. तक्रार अशी की इंजिन नुसतं ओरडतं, बोट ओढतच नाही. म्हणजे क्लच घसरतोय. मालकाने क्लचच्या नव्या प्लेटाही सोबत पाठवल्या होत्या, आम्ही म्हटलं जरा थांबा.

ड्रेन प्लग सोडला तर तेल दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं. या क्लचमध्ये तेलाच्या दाबाने पिस्टन प्लेटांचा गठ्ठा आवळतो. तेलात पाणी मिसळलं की दाबही टिकत नाही, प्लेटा घसरून तापतात. मग गिअरबॉक्सचं तेल समुद्राच्या पाण्याने थंड करणारा कुलर पाण्यात बुडवून तेलाच्या बाजूने हवा दिली. एका नळीतून बुडबुडे! तांब्याऐवजी स्वतः झिजणारी जस्ताची कांडी केव्हाच संपली होती, मग खाऱ्या पाण्याने तांबंच खाल्लं. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, तेव्हा पाणी आत शिरतं.

कुलर नवा बसवला, गाळणी आणि प्रेशर व्हॉल्व्ह धुतले, बॉक्स दोनदा फ्लश केला. प्लेटा काळ्या पडल्या होत्या, त्या बदलाव्याच लागल्या. फेऱ्या कमी करणाऱ्या रिडक्शन गिअरचे दाते मात्र ठणठणीत. ३:१ चा बॉक्स, म्हणजे इंजिनाच्या १८०० फेऱ्यांना बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या ६००. मोठा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. तेल गरम झाल्यावरही दाबाचा काटा खाली आला नाही, तेव्हा बॉक्स ट्रकवर चढवला. सोबत जस्ताच्या जादा कांड्याही दिल्या.