लँडिंग संपलं कुणी सांगितलं?

सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचं) ट्रेनिंग सुरू करणारी बरीच मुलं विचारतात की जोरात वारा असला की छोटं विमान हलतं का, भीती वाटते का. हलतं की, चांगलंच हलतं. सेस्ना १७२ रिकामं असताना साधारण साडेसातशे किलोचं, म्हणजे आपल्या स्विफ्टपेक्षाही हलकं, आणि वर टोकापासून टोकापर्यंत ३६ फुटांचे पंख. पण खरं सांगू का, वर हवेत असताना वाऱ्याचं फार काही वाटून घ्यायचं कारण नसतं, नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून तिरकं तिरकं जायचं (याला क्रॅब म्हणतात, खेकड्यासारखं), बास. खरी परीक्षा शेवटच्या दहा फुटांत असते आणि त्याहून जास्त चाकं टेकल्यानंतर, हे मला कळायला जवळजवळ साठ तास लागले.

मी शिकले ती धावपट्टी पठारावरची, आजूबाजूला नुसतं माळरान. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की थांबायचं नाव नाही, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. एप्रिल-मे मध्ये वेगळीच गंमत, सकाळी सहाला हवा दुधासारखी शांत आणि अकरा वाजता जमीन तापली की थर्मल (गरम हवेचे वर चढणारे झोत) सुरू, फायनलवर (धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरत येताना) विमान एकदा वर ढकललं जातं एकदा खाली बसतं. म्हणून सगळ्यांची पहाटेच्या सॉर्टीसाठी (उड्डाणाच्या पाळीसाठी) मारामारी. मीपण केली. पण नुसते पहाटेचेच तास भरले तर वाऱ्यातलं काही येतच नाही, इन्स्ट्रक्टर शेजारी आहेत तोवर मुद्दाम दुपारची वेळ मागून घ्या, सोलोला एकटं शिकायची ही गोष्ट नाही.

वारा आडवा किती, याचा हिशोब सोपा आहे. धावपट्टी २९, म्हणजे तोंड २९० अंशाला. टॉवरने सांगितलं वारा २३० अंशावरून १४ नॉट (विमानातलं वेगाचं माप), गस्ट म्हणजे मध्येच येणारा झोत २२. फरक ६० अंश, वारा डावीकडून. आता घड्याळ आठवा, १५ मिनिटं म्हणजे पाव, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण आणि ६० म्हणजे पूर्ण तास, तसंच अंशांचं, वाऱ्याचा तेवढा हिस्सा आडवा. ६० अंशाला जवळजवळ सगळा वारा आडवा धरायचा, म्हणजे १४ आणि गस्टमध्ये २२. १७२ च्या पुस्तकात १५ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा दिलाय तो कंपनीने उतरवून दाखवलेला, कायद्याची मर्यादा नव्हे, पण ज्याच्या लॉगबुकात पन्नास तास आहेत त्याने हा वाद घालू नये. मी सोलोला ८ नॉट आडव्या वाऱ्याच्या वर जात नव्हते. गस्ट असली तर फरकाचा अर्धा वेग वाढवायचा, इथे २२ वजा १४ म्हणजे ८, त्याचे ४, म्हणून उतरताना ६५ नॉटऐवजी ६९ ने यायचं. आणि फ्लॅप (कमी वेगात उतरता यावं म्हणून पंखामागे खाली सोडायच्या फळ्या) जेवढे लागतील तेवढेच, पूर्ण सोडायची सवय असेल तर ती इथे नडते.

अजून एक. समोरून २० नॉट वारा असेल तर ६५ ने उतरायला येताना जमिनीवरचा वेग ४५, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर, शेजारच्या रस्त्यावरची गाडी आपल्याला ओव्हरटेक करते. डाऊनविंडला (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) उलटं, पाठीवर वारा, जमीन सरसर मागे पळते आणि हात आपोआप थ्रॉटलकडे जातो, वेग कमी करावासा वाटतो. करू नका!! नजर एअरस्पीडवर (हवेतल्या वेगाच्या काट्यावर). बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला वळताना वाऱ्याने पुढे ढकललं आणि रेषा चुकली तर जास्त तिरपं वळून ती पकडायला जाऊ नका, सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

आता माझा किस्सा. असाच डावीकडचा वारा, डावा पंख खाली, उजवा पाय रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर), डावं चाक आधी टेकलं, मग उजवं, मग नाक, एकदम पुस्तकातल्यासारखं. मी इतकी खूश झाले की योक (विमानाचं स्टिअरिंग) सरळ केलं आणि श्वास सोडला. त्याच क्षणी झुळूक आली, डावा पंख उचलला, नाक वाऱ्याकडे वळलं, उजवा टायर किंचाळला आणि आम्ही मधल्या रेषेवरून थेट कडेच्या गवताच्या दिशेने. सरांनी योक पूर्ण डावीकडे मारलं, उजवा रडर दाबला, विमान सरळ झालं. मग शांतपणे म्हणाले, "अगं, लँडिंग संपलं कुणी सांगितलं तुला?" चाकं टेकली की एलरॉन (योक वळवलं की हलणारी पंखाच्या टोकाकडची फळी) सोडायचं नसतं तर वाढवत न्यायचं, वेग कमी होईल तसं अजून, शेवटी योक पूर्ण वळलेलं असतं. हे मला पाठ होतं हो, परीक्षेत लिहिलं होतं, हाताला मात्र माहीत नव्हतं.

टॅक्सी करतानाही तेच. वारा पुढून असेल तर योक वाऱ्याकडे, मागून असेल तर वाऱ्यापासून लांब आणि पुढे ढकललेलं. मागून तिरका येणारा वारा वर पंख असलेल्या सेस्नाला सगळ्यात वाईट, सावकाश चाला. आणि बूट पातळ तळाचे घ्या, मी जाड तळाचे भारी स्पोर्ट्स शूज घालून जायचे, पायाला रडर कळतच नव्हता, साधे कॅनव्हास घातल्यावर फरक पडला (दोन महिने मी स्वतःला ढ समजत होते ते वेगळंच).

दार उघडताना हाताने घट्ट धरा, वारा मागून असेल तर बिजागरीसकट जातं. आमच्या हँगरमधले मामा विमान बांधायचे तेव्हा मी नुसती बघत उभी असायचे, एकदा त्यांनीच दोर हातात दिला, म्हणाले, बांध तू. बांधला. मामांनी पंखाखाली हात घालून उचलून बघितला, दोर चार बोटं सैल. "रात्री वारा सुटला की हा आपटणार, आणि सकाळी तूच उडवणार," म्हणाले आणि सोडून परत बांधायला लावला. आता मी चावी जमा करून निघाले तरी कधीकधी अर्ध्या वाटेवरून मागे जाते, कंट्रोल लॉक (योक हलू नये म्हणून लावायची खीळ) घातलाय ना बघायला.