खुबा बदलायचाय? आधी बसता कसे ते सांगा

डॉक्टरांकडे जाताना एक्स-रे, जुने रिपोर्ट, चालू गोळ्या पिशवीत घ्यालच. पण सगळ्यात आधी घरच्या माणसाची बैठक सांगा. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात. जेवण, पूजा, नमाज, शौच, सगळं जमिनीवरच. "खुबा दुखतो" एवढंच सांगितलं, तर डॉक्टरांना हे कळणार कसं?

बसवायचा कृत्रिम सांधा निवडताना याचाही विचार होतो. मांडीच्या हाडात दांडा, त्यावर गोळा, कमरेच्या हाडात वाटी, एवढीच त्याची रचना. १९६० च्या दशकात ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी वापरलेला गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा होता. आज ३२ आणि ३६ सर्रास बसवतात. गोळा मोठा असला की दांड्याची मान वाटीच्या कडेला उशिरा अडते आणि गोळा सहजासहजी निसटत नाही. मात्र त्याच मापाच्या वाटीत प्लास्टिकचं अस्तर तेवढं पातळ होतं, म्हणून मोठ्यात मोठा मागून उपयोग नाही. निसटण्याची भीती जास्त असेल तर 'ड्युअल मोबिलिटी'बद्दल विचारा: लहान गोळा प्लास्टिकच्या मोठ्या गोळ्यात फिरतो आणि तो मोठा गोळा वाटीत. कंबर आखडली असेल किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर ते न विसरता सांगा, वाटीचा कोन ठरवताना ते लागतं. चीर पुढून की मागून, हेही विचारा. पथ्यं त्यावर बदलतात. आणि सांधा कितीही भारी असो, मांडी घालायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. शेजाऱ्यांचं ऐकू नका.

दात किडलेला, पायाला जखम, साखर वाढलेली, हे आधी निस्तरा. जंतुसंसर्ग सांध्यापर्यंत पोचला तर फार महागात पडतं. तंबाखू, मिश्री बंद. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते विचारूनच.

घरी वॉकर आणि कमोडची खुर्ची आणून ठेवा. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाईल अशी खुर्ची नको. जमिनीवरच्या चादरी, सतरंज्या गुंडाळा, पाय अडकतो. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा पाण्याच्या दिवशी वाकून घागरी कोण भरणार ते आत्ताच ठरवा. डिस्चार्जच्या वेळी सांध्याचं माप आणि नंबर असलेले स्टिकर फाइलला लावून घ्या, मोबाइलवर फोटोही काढा. पुढे कधी सांधा उघडावा लागला तर नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच लागतील.