रोमच्या प्राचीन इतिहासावर लिहिताना या चुका टाळा

प्राचीन रोमविषयी लिहिणाऱ्याची पहिली अडचण अशी की, रोम्युलस आणि त्याच्यामागून आलेल्या राजांच्या काळात रोमनांनी स्वतःचा इतिहास लिहिलेलाच नव्हता. पहिला रोमन इतिहासकार मानला जाणारा फेबियस पिक्टर इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहू लागला, आणि तोही लॅटिनमध्ये नव्हे, ग्रीकमध्ये. आज ज्याचा आधार सर्वाधिक घेतला जातो तो लिव्ही त्याच्याही सुमारे दोनशे वर्षांनंतरचा आहे. हे अंतर नजरेआड झाले की दंतकथा आणि घटना एकाच दमात सांगितल्या जातात, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

‘इ.स.पू. 753 मध्ये रोम्युलसने रोमची स्थापना केली’ हे वाक्य निबंधांत सर्रास आढळते. या वाक्याला ‘रोमन परंपरेनुसार’ हे दोन शब्द जोडल्याशिवाय ते बरोबर ठरत नाही. 753 हे साल रूढ झाले ते इ.स.पू. पहिल्या शतकातील व्हॅरो या विद्वानाच्या कालगणनेमुळे. स्वतः पिक्टरने त्याहून पाचसहा वर्षे अलीकडचे साल दिले होते आणि त्याचा समकालीन सिन्सियस अलिमेंटस तर इ.स.पू. 729 च्या आसपास येतो. 21 एप्रिल हा स्थापनादिन मेंढपाळांच्या पारिलिया या सणाचा दिवस होता. पॅलाटाइन टेकडीवर इ.स.पू. आठव्या शतकातील झोपड्यांच्या खांबांचे खळगे उत्खननात सापडले आहेत हे खरे. परंतु त्यावरून तेथे वस्ती होती एवढेच सिद्ध होते, रोम्युलस नव्हे.

राजांच्या यादीकडेही थोड्या संशयाने पाहावे. 753 ते 509 या 244 वर्षांत सातच राजे झाले असे परंपरा सांगते, म्हणजे प्रत्येकाची कारकीर्द सरासरी सुमारे 35 वर्षांची ठरते. त्यांतल्या दोघांचा खून झाला, एक विजेने जळून गेला आणि शेवटच्याला हाकलून दिले, हेही तीच परंपरा सांगते, तेव्हा हे गणित पचायला जड जाते. रोमनांचा मूळपुरुष मानला जाणारा ट्रोजन वीर ईनिअस याची गोष्टही अशीच. ट्रॉयच्या पाडावाचे प्राचीन ग्रीक साल इ.स.पू. 1184, तिथून निघालेला ईनिअस रोम्युलसचा आजोबा ठरवला तर चारशेहून अधिक वर्षे उरतात. ती भरून काढण्यासाठी रोमजवळच्या आल्बा लोंगा या जुन्या नगराच्या राजांची एक लांबलचक मालिका मध्ये घातली गेली. ही मालिका वंशावळ म्हणून उद्धृत करू नये. दोन वेगवेगळ्या कथा जोडणारा तो सांधा आहे.

‘मूळ कथा’ असा शब्दप्रयोगही जपून करावा, कारण लिव्हीनेच एकापेक्षा अधिक पाठ शेजारी शेजारी ठेवले आहेत. रोम्युलसचा जुळा भाऊ रेमस शकुनांवरून झालेल्या मारामारीत पडला, किंवा नव्या तटावरून उडी मारल्याबद्दल भावाने त्याला ठार केले. रोम्युलस वादळात अदृश्य झाला, किंवा सेनेटच्या सभासदांनी त्याचे तुकडे केले. या जुळ्यांना बाळपणी पाजणारी लांडगी ही मेंढपाळाची बायको असावी, असेही तो नोंदवतो, कारण लॅटिनमध्ये ‘लुपा’ या शब्दाचा अर्थ लांडगी तसाच वेश्या असाही होतो. त्या लांडगीचा कॅपिटोलाइन संग्रहालयातील प्रसिद्ध ब्राँझ पुतळा मात्र प्राचीन पुरावा म्हणून छापू नये: किरणोत्सारी कार्बनच्या चाचण्यांनी तो मध्ययुगीन असल्याचे सुचवले आहे, आणि खालची जुळी मुले तर पंधराव्या शतकात बसवलेली आहेत.

दोन पुस्तकांतील साले जुळत नसतील तर घाबरून जाऊ नये. गॉल टोळ्यांनी रोम लुटले ते साल एका ठिकाणी इ.स.पू. 390 आणि दुसरीकडे 387 किंवा 386 दिसते. पहिले व्हॅरोच्या गणनेचे आहे, दुसरे ग्रीक इतिहासकारांशी जुळणारे. लेखात कोणतीही एक गणना धरावी, पण शेवटपर्यंत तीच पाळावी. बेरजेतही एक खाच आहे. सम्राट फिलिपने इ.स. 248 मध्ये रोमची हजार वर्षे साजरी केली. 753 मध्ये 248 मिळवणाऱ्याला 1001 मिळतात आणि तो सम्राटालाच चुकीचा ठरवतो. इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून एक वजा करावा लागतो.

राजकीय इतिहासात सर्वांत हट्टी चूक म्हणजे पॅट्रिशियन म्हणजे श्रीमंत आणि प्लेबियन म्हणजे गरीब हे समीकरण. हा भेद घराण्याचा होता: पॅट्रिशियन म्हणजे जुन्या, मानाच्या घराण्यांतले, तर प्लेबियन म्हणजे बाकीचे नागरिक. अफाट संपत्तीचा मालक क्रॅसस प्लेबियन घराण्यातला होता, तर सुल्ला पडत्या काळातील पॅट्रिशियन घराण्यातला. या भेदाला वर्णव्यवस्थेची उपमा देण्याचा मोह मराठी लेखकाला होतो, पण इ.स.पू. 300 च्या ओगुल्नियन कायद्याने प्लेबियनांना प्रमुख पुरोहितमंडळांत जागा मिळाली, आणि तिथे ती उपमा कोसळते. ज्युलियस सीझरला ‘सम्राट’ म्हणणेही टाळावे, तो इ.स.पू. 44 मध्ये आजीव हुकूमशहा झाला आणि त्याच वर्षी 15 मार्चला मारला गेला.

धर्माच्या बाबतीत मात्र आपल्या सवयी खरोखर आड येतात. रोममध्ये पुरोहित हा वेगळा वर्ग नव्हता. सेनापती, वकील, कॉन्सल (वर्षभरासाठी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी) हेच पुरोहित असत. सीझर इ.स.पू. 63 मध्ये पोन्टिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे मुख्य पुरोहित, म्हणून निवडून आला, तर सिसेरो शकुन पाहणाऱ्या मंडळाचा सभासद होता. इ.स.पू. 59 मध्ये सीझरचा सहकारी कॉन्सल बिबुलस घरी बसून ‘मी आकाशातील शकुन पाहत आहे’ असे जाहीर करत राहिला, ते भक्तीपोटी नव्हे, सीझरचे कायदे सदोष ठरावेत म्हणून. आपल्या अधिक महिन्यासारखा जादा महिना घालण्याचा अधिकारही पुरोहितमंडळाकडे होता, आणि तो महिना घालून वा टाळून एखाद्याची वर्षभराची कारकीर्द कमीजास्त करता येत असे. त्यातून झालेला कालगणनेचा गोंधळ निस्तरायला सीझरने इ.स.पू. 46 हे वर्ष 445 दिवसांचे केले. ‘धर्म’ आणि ‘राजकारण’ अशी दोन प्रकरणे पाडणाऱ्या लेखात ही घटना कुठे बसवायची, हा प्रश्न सुटत नाही.

शेवटची चूक इ.स. 313 सालाची. त्या वर्षी सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. तो राजधर्म केला नाही. ते पाऊल 380 मध्ये सम्राट थिओडोसियसच्या काळात पडले, आणि कॉन्स्टन्टाइनने पोन्टिफेक्स मॅक्सिमस ही पदवी मरेपर्यंत टाकली नव्हती. मधल्या 67 वर्षांत ज्युलियन हा सम्राट (361–363) जुन्या देवतांकडे परतला होता, आणि 313 मध्येच सारे ठरून गेले असे लिहिणाऱ्याला त्याच्यासाठी जागाच सापडत नाही.