कझाकस्तानात रेल्वेचे तिकीट काढताना

कझाकस्तानला निघालेल्या माणसाला हमखास सांगितले जाते की अल्माटीत चार दिवस राहा, अस्तानाला विमानाने जाऊन या आणि रेल्वेच्या भानगडीत पडू नका. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. सुमारे 27 लाख चौरस किलोमीटरच्या या देशात जेमतेम दोन कोटी लोक राहतात. ते मोकळेपण विमानातून कळत नाही, डब्याच्या खिडकीतून तासन्‌तास सरकणारा गवताळ माळ पाहिला म्हणजेच कळते. मी या गाड्यांनी अनेकदा गेले आहे. अडचण प्रवासात नाही, तिकिटात आहे.

आधीच्या गोष्टी सोप्या आहेत. भारतीय पासपोर्टवर 2022 पासून 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि 180 दिवसांत अशा मुक्कामाची एकूण मर्यादा 42 दिवसांची आहे. 1 मार्च 2024 पासून सबंध देशाची वेळ एकच झाली असून ती आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, तेव्हा ती अर्धा तास पुढे दाखवणारी जुनी पुस्तके बाजूला ठेवावीत. टॅक्सीसाठी यांडेक्स आणि नकाशासाठी टू-जीआयएस ही ॲप निघण्यापूर्वीच फोनवर घ्यावीत.

आता तिकीट. अल्माटीला दोन रेल्वे स्थानके आहेत. अल्माटी-2 शहरात आहे, तर अल्माटी-1 तिथून बरेच दूर, शहराच्या उत्तर टोकाला आहे. अल्माटी-2 हे शेवटचे स्थानक असल्यामुळे तिथून सुटणाऱ्या गाड्या अल्माटी-1 वरून पुढे जातात. मात्र अल्माटी-1 वरून जाणारी प्रत्येक गाडी अल्माटी-2 ला येत नाही. पहिल्या खेपेला मी टॅक्सीवाल्याला नुसते ‘वोकझाल’, म्हणजे स्थानक, असे सांगितले. त्याने मला सरळ शहरातल्या स्थानकावर सोडले. फलकावर माझी गाडी दिसेना, तेव्हा मी तिकीट पुन्हा उघडले आणि शहराच्या नावापुढचा एकचा आकडा मला प्रथमच दिसला. गाडी सुटायला 40 मिनिटे उरली होती. दुसऱ्या टॅक्सीने धावतपळत मी ती कशीबशी गाठली. अस्तानातही जुने अस्ताना-1 आणि 2017 मध्ये सुरू झालेले नुरली झोल अशी दोन स्थानके आहेत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या स्थानकांची पूर्ण नावे कागदावर लिहून काढा आणि टॅक्सी बोलावताना तेच नाव ॲपमध्ये घाला. ‘स्थानक एकच असेल’ असे गृहीत धरणारा माणूसच तिथे फसतो.

दुसरी अडचण नावाची आहे आणि ती मराठी माणसाला हटकून येते. तिकडच्या अर्जांत आडनाव आणि नाव यांच्या जोडीला पितृनामाचाही रकाना असू शकतो. वडिलांचे नाव लावण्याची रीत त्यांच्याकडेही आहे. कझाख नावातले ‘उली’ म्हणजे मुलगा आणि ‘कीझी’ म्हणजे मुलगी. तो रकाना पाहून आपला हात आपोआप वडिलांचे नाव लिहायला जातो. तसे करू नये. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव बहुधा एकाच रकान्यात असते. ते जसे आहे तसे सगळे ‘नाव’ या रकान्यात भरावे आणि पितृनाम रिकामे सोडावे. मी एकदा ते वेगळे भरले, तर डब्याच्या दाराशी कर्मचारी बाई पासपोर्ट आणि तिकीट यांवर आलटून पालटून बोट ठेवत राहिल्या आणि माझ्यामागची रांग थंडीत ताटकळली.

बर्थ निवडताना मात्र आपल्याकडचा अनुभव उपयोगी पडतो. ‘कुपे’ म्हणजे चार बर्थचा दार असलेला कप्पा, तर ‘प्लात्सकार्त’ म्हणजे आपल्या स्लीपरसारखा 54 बर्थचा उघडा डबा. विषम आकडा खालचा, सम आकडा वरचा. प्लात्सकार्तमधले 37 ते 54 हे साइड बर्थ असून 33 ते 38 शौचालयाजवळचे आहेत. हे सहा कितीही गयावया केली तरी घेऊ नयेत. अल्माटी–अस्ताना मार्गावरची टाल्गो ही वेगवान गाडी रात्रभरात पोहोचवते आणि झोपेसाठी ती उत्तमच आहे, पण देश पाहायचा असेल तर साधी गाडी घ्यावी. वाटेतल्या बल्खाश सरोवराचा काठ उजेडी दिसेल अशीच वेळ निवडावी, हा माझा आग्रह आहे.

शाकाहारी मंडळींनी भोजनयानावर विसंबू नये, कारण ‘मांस नको’ म्हटल्यावर मांसाचे तुकडे काढून रस्सा तोच वाढला जाऊ शकतो. अल्माटीच्या हिरव्या बाजारात, म्हणजे झेलोनी बाजारात, ताजे नान, सुकामेवा आणि कोरियन बायका विकतात ती गाजराची चटकदार कोशिंबीर मिळते. 1937 मध्ये हद्दपार करून आणलेल्या कोरियन कुटुंबांच्या वंशजांनी ती इथे रुजवली. ती एक डबाभर घ्यावी आणि घरून तयार उपम्याची पाकिटे न्यावीत. साध्या गाड्यांत डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो. त्याला ‘तितान’ म्हणतात. पाणी फुकट असते, तोटी मात्र चटका देते, तेव्हा दांड्याचा स्टीलचा मग जवळ ठेवावा.