मेडिकॉन व्हॅलीत यायचंय? पुलाआधी परवाना बघा

मी मिरजेची. आमच्याकडे दवाखान्याच्या बाकावर बसलं की निम्मी कुजबुज कानडीतून ऐकू येते. अथणी, रायबाग, चिकोडी, कुठून कुठून पेशंट येतात. नर्सबाई मराठीत सुरू करतात आणि तिसऱ्या वाक्याला कानडीत जातात. राज्याची हद्द जवळच आहे हे ठाऊक असतं, पण औषधाच्या चिठ्ठीला ती आडवी येत नाही. त्यामुळे 2013 मध्ये मी पीएचडीसाठी स्वीडनमधल्या लुंडला आले आणि ‘इथे दोन देश मिळून एकच जीवविज्ञान क्लस्टर आहे’, म्हणजे एकमेकांना धरून असलेल्या कंपन्या, विद्यापीठं आणि रुग्णालयांचा एकच पट्टा आहे, असं पहिल्याच आठवड्यात ऐकलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. माणसं येत-जात असतील, एवढंच ना, असं धरून चालले. ते तसं नव्हतं. हे कळायला मला जो वेळ लागला तो तुमचा वाचावा म्हणून लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या. डेन्मार्कचं कोपनहेगन आणि स्वीडनच्या दक्षिण टोकाचा स्कोने प्रांत यांच्यामध्ये ओरेसुंडची सामुद्रधुनी आहे. 1 जुलै 2000 ला तिच्यावरचा पूल खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटर पूल, मग माणसाने भर घालून केलेलं पेबरहोम बेट आणि पुढे समुद्राखालून चार किलोमीटर बोगदा. या पट्ट्याला मेडिकॉन व्हॅली म्हणतात. डॅनिश बाजूला इन्सुलिनवाली नोव्हो नॉर्डिस्क, मेंदूच्या औषधांवर काम करणारी लुंडबेक, त्वचेच्या औषधांची लिओ फार्मा अशा जुन्या, भक्कम कंपन्या. स्वीडिश बाजूला लुंड विद्यापीठ, कृत्रिम मूत्रपिंडाच्या यंत्रावर उभी राहिलेली गॅम्ब्रो (2013 मध्ये ती बॅक्स्टरने विकत घेतली) आणि अलीकडच्या कामुरस, बायोइन्व्हेंट यांच्यासारख्या लहान-मध्यम कंपन्या. पैसा आणि मोठ्या नोकऱ्या पश्चिमेला, स्वस्त घरं आणि मोठी संशोधनयंत्रं पूर्वेला. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यातून येतं.

दोन्हीकडच्यांना एकत्र बसवणारी संस्था 1997 मध्ये लुंड आणि कोपनहेगनच्या विद्यापीठांनी सुरू केली, तीही युरोपीय संघाच्या इंटररेग निधीतून. आज ती मेडिकॉन व्हॅली अलायन्स म्हणून ओळखली जाते. विद्यापीठं, रुग्णालयं चालवणारी प्रांतिक सरकारं आणि कंपन्या वर्गणी भरून सभासद होतात. इंटररेगचं सूत्र सोपं आहे. भागीदार हद्दीच्या दोन्ही बाजूंना हवेत, खर्चाचा काही भाग संघ देतो, उरलेला तुम्ही उभा करायचा. आमच्या लॅबमध्ये पहिला परकीय पाहुणा आला तो अशाच पैशावर.

क्लस्टर म्हटलं की सगळं वाढतच गेलं असेल असं वाटतं. इथे ते एका धक्क्यानंतर नव्याने उभं राहिलं. 2010 च्या मार्चमध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने लुंडचं संशोधन केंद्र बंद करण्याचं जाहीर केलं. दम्याच्या औषधांची परंपरा असलेली ती जागा, सुमारे 900 माणसं. बांधकाम उद्योजक मॅट्स पॉलसन यांनी ती वास्तू विकत घेतली आणि 2012 मध्ये तिथे मेडिकॉन व्हिलेज हे अनेक कंपन्यांचं संशोधन-संकुल सुरू झालं. आमच्या मजल्यावर एक ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ बसतात. त्याच इमारतीत त्यांनी आधीची वीस वर्षं काढली होती. ते एकदा म्हणाले, “आधी या दारातून आत यायला एकाच कंपनीचं कार्ड लागायचं. आता कँटीनमध्ये कोण कुठल्या कंपनीचा ते विचारावं लागतं.” राइन नदीकाठी स्वित्झर्लंडचं बासेल, जर्मनीचं फ्रायबुर्ग आणि फ्रान्सचा अल्सास मिळून झालेल्या बायोव्हॅलीची सुरुवातही 1996 मधली, सँडोझ आणि सिबा-गायगी या औषधकंपन्या एकत्र होऊन नोव्हार्टिस झाली त्या वर्षीची. अनुभवी माणसं एकदम मोकळी झाली की त्यांना दुसऱ्या देशाची बाजूही दिसू लागते. नवख्यांनी अशा माणसांशेजारी जेवायला बसावं. मला औषधनिर्मितीतलं जे कळतं त्यातलं निम्मं त्या कँटीनमधलं आहे.

आता परवान्याकडे येते. इथे थोडं थांबून वाचा.

माझा प्रकल्प दोन्हीकडचा होता. प्रोटीन लुंडला बनवायचं आणि दर आठवड्याला एक दिवस कोपनहेगनच्या भागीदार लॅबमध्ये जाऊन पेशींवर तपासायचं. प्रस्तावात हे एका ओळीत होतं आणि ती ओळ मंजूर झाली होती. लुंडहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं, शेंगेन या युरोपातल्या खुल्या हद्दींच्या करारामुळे हद्दीवर व्हिसा लागत नाही. सुरुवातीच्या तीन दिवस आधी त्या लॅबच्या कार्यालयातून मेल आली: डॅनिश वर्क परमिटची प्रत पाठवा. माझ्याकडे नव्हती. कुणाकडेच ती कल्पना नव्हती, कारण प्रकल्पातल्या बाकी सगळ्यांकडे युरोपीय पासपोर्ट होते. स्वीडनचा निवास परवाना स्वीडनमध्ये राहू देतो आणि शेंगेनमध्ये थोडे दिवस फिरू देतो. डेन्मार्कात काम करू देत नाही. पाहुण्या संशोधकांना थोड्या मुदतीच्या काही कामांसाठी सूट आहे, पण माझी वर्षभराची साप्ताहिक फेरी त्यात बसत नव्हती. अर्ज, फी, बोटांचे ठसे, वाट पाहणं. तेवढे महिने तिथल्या पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरमध्ये माझ्यासाठी राखलेला कप्पा रिकामा राहिला आणि माझं प्रोटीन इथे उणे ऐंशीला पडून राहिलं.

म्हणून भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना माझं सांगणं असं, की मुलाखतीतच विचारा. “काम हद्दीपलीकडे आहे का? किती दिवस? परवान्याचा अर्ज कोण करणार?” हे विचारण्यात आगाऊपणा नाही. चांगला गाईड उलट खूष होतो, कारण त्यालाही ते ठाऊक नसतं.

याहून मोठा धोका नोकरी बदलताना असतो. स्वीडनमध्ये तुम्ही स्वीडिश नोकरीच्या आधारावर राहता. डॅनिश कंपनीची छान ऑफर आली, घर पुलाच्या स्वीडिश टोकाला माल्मोत आहे, मूल तिथल्या बालवाडीत आहे, म्हणून ‘राहते इथेच, जाते तिथे’ असं ठरवलंत, तर डॅनिश वर्क परमिट मिळूनही स्वीडनमधल्या राहण्याचा पायाच निघून जातो. जुलै 2014 पासून स्वीडनमध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या परवान्यानंतर कायम निवासाचा मार्ग खुला झाला. 2021 मध्ये त्याला स्वतःच्या उत्पन्नाची अट जोडली गेली. मी 2018 मध्ये कायम निवास हाती आल्यावरच कोपनहेगनची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, घेतली. ती जागा वर्षभर आधी मिळत होती. सोडली, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी दोन्ही देशांच्या स्थलांतर खात्यांची ताजी पानं वाचा आणि ओरेसुंडडिरेक्टला प्रश्न पाठवा. हद्द ओलांडून काम करणाऱ्यांसाठीच ती सरकारी माहितीसेवा आहे.

कराबद्दल थोडक्यात. काम जिथे, कर तिथे. मात्र घरून काम केलंत की गणित हलतं. दोन्ही देशांमधल्या 2003 च्या करकरारात घरून काम करण्याची मोकळीक खासगी नोकरदारांना होती, सरकारी नोकरांना नव्हती, आणि विद्यापीठाची नोकरी सरकारीत मोडते. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या नव्या करारात ती उणीव भरून निघाली. मी पोस्टडॉक होते तेव्हा शुक्रवारचं लेखनही कोपनहेगनला जाऊन करत होते.

आणि हद्द पुसली गेली आहे असं कधी गृहीत धरू नका. 4 जानेवारी 2016 पासून मे 2017 पर्यंत डेन्मार्कहून रेल्वे, बस किंवा बोटीने स्वीडनला येणाऱ्यांची ओळखपत्रं तपासली जात होती. कोपनहेगनच्या कास्त्रुप विमानतळ स्थानकावर गाडीतून उतरायचं, रांगेत उभं राहायचं, पुढची गाडी पकडायची. त्या हिवाळ्यात मी संध्याकाळच्या पेशीमोजणीच्या वेळा बदलल्या आणि दोन सहकाऱ्यांनी नोकऱ्याच बदलल्या. ज्यांची घरी मुलं वाट पाहत होती, त्यांच्यासाठी रोजचा तो वाढलेला वेळ फार होता. मार्च 2020 मध्ये डेन्मार्कने सीमा बंद केली तेव्हा जुन्या लोकांनी आधी आपल्या फ्रीजरच्या याद्या काढल्या. कुठली पेशी, कुठला नमुना फक्त पलीकडेच आहे? तेव्हापासून मी महत्त्वाच्या प्रत्येक पेशीवाणाची एक कुपी दोन्ही बाजूंना ठेवते. तुम्हीही ठेवा.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: शोध लागला तर तो कुणाचा? स्वीडनमध्ये 1949 पासूनच्या कायद्यानुसार विद्यापीठातल्या संशोधक-अध्यापकाचा शोध त्याचा स्वतःचा असतो. डेन्मार्कात 2000 पासून लागू असलेल्या कायद्याने विद्यापीठाला तो हक्क आपल्याकडे घेता येतो. म्हणजे एकाच टेबलावर दोघींनी मिळून लावलेल्या शोधात एकीचा वाटा तिचा, दुसरीचा तिच्या संस्थेचा. आमच्याकडे एक रेणू चांगला निघाला तेव्हा यावर सहा महिने गेले, आणि भांडण कुणाचंच नव्हतं. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी दोन पानांत हे लिहून घेतलं असतं तर लागला असता एक आठवडा. वहीत तारीख, जागा आणि कुणी काय केलं हे रोज लिहा. आमच्या बाबतीत निकाल शेवटी वहीवरच लागला.

यंत्रांच्या बाबतीत मात्र हा पट्टा खरोखर श्रीमंत आहे. लुंडच्या उत्तर-पूर्व कडेला शेतांमध्ये मॅक्स फोर हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, आहे. 21 जून 2016 ला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या शेजारी ईएसएस हा न्यूट्रॉन स्रोत उभारला जातो आहे, आणि त्याचं विदाकेंद्र ठेवलं आहे कोपनहेगन परिसरात. क्ष-किरणांना प्रोटीनमधला हायड्रोजन धड दिसत नाही, न्यूट्रॉनला दिसतो. औषधाचा रेणू प्रोटीनला नेमका कसा धरतो, ते पुष्कळदा त्या हायड्रोजनवरच ठरतं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या यंत्रांशी या दोघांना जोडणारा हॅलोस नावाचा इंटररेग प्रकल्पही झाला. बीमटाइमसाठी, म्हणजे अशा यंत्रावर प्रयोगाची वेळ मिळवण्यासाठी, अर्ज करायला तुम्ही स्वीडनमध्ये असण्याची गरज नाही, पुण्यात बसूनही तो करता येतो. निवड विज्ञानाच्या गुणवत्तेवर होते. येण्याआधीच एखाद्या गटाबरोबर असा अर्ज केलात तर तुमची ओळख आधी पोचते.

भाषेचं सांगते. कामाची भाषा इंग्रजी आहे, ती पुरते. पण स्वीडिश आणि डॅनिश लिहिलेली पुष्कळशी सारखी दिसते आणि बोलली की वेगळी होते, आकड्यांत तर फारच. पन्नासला स्वीडिश माणूस ‘फेमतिओ’ म्हणतो, म्हणजे सरळ पाच दशक. डॅनिश माणूस म्हणतो ‘हाल्त्रेस’. आमच्या स्वीडिश सहकाऱ्यांना हे कोडंच वाटतं. मला ते एका दुपारीच सुटलं, कारण माझी आजी आंबे विसांत मोजायची. हाल्त्रेस म्हणजे अडीच वीस. साठ म्हणजे ‘त्रेस’, तीन वीस. सत्तर ‘हाल्फ्येर्स’, साडेतीन वीस, आपलं औट. अडीचकी आणि औटकी पाठ असलेल्या माणसाला डॅनिश आकडे परके नाहीत. तरीही डब्यावर आकडा लिहाच, तोंडी सांगू नका.

2021 पासून मी लुंडला एका छोट्या कंपनीत आहे आणि माझं निम्मं काम नमुने पलीकडे पाठवण्याचं आहे. स्कोनेतल्या रुग्णांचं रक्त, कोपनहेगनच्या लॅबमध्ये तपासणी. पहिली खेप निघायला अकरा आठवडे लागले: नैतिक समितीची मान्यता, रुग्णांचे नमुने साठवणाऱ्या जैवपेढीची मान्यता, दोन संस्थांमधला साहित्य हस्तांतरण करार, रुग्णांच्या माहितीचा वेगळा करार. नमुने फक्त सांकेतिक क्रमांकाने जायचे, काम संपलं की परत आणायचे नाहीतर नष्ट करायचे. 1 जुलै 2023 पासून स्वीडनचा नवा जैवपेढी कायदा लागू झाला आणि त्यातला काही जाच कमी झाला. आमचं खरं काम हलकं केलं ते एका साध्या निर्णयाने. दर खेपेला नवा करार करण्याऐवजी आम्ही एक चौकट-करार केला आणि प्रत्येक खेपेला त्याला एक पान जोडायचं ठरवलं. त्या एका पानाचा मसुदा मी कोपनहेगनच्या वकिलाशेजारी बसून केला, मेलवर नाही. पलीकडच्या बाजूच्या माणसाला एकदा तरी जाऊन भेटा. नंतर सहीसाठी तीन आठवडे लागायचे ते तीन दिवसांवर येतं.

दुसऱ्या खेपेला मी कुरियरच्या गाडीमागून रेल्वेने गेले. पुलावर चढण्याआधी स्वीडिश बाजूलाच गाडीची वीज बदलते; स्वीडनची पंधरा हजार व्होल्टची, डेन्मार्कची पंचवीस हजारांची. एकाच गाडीला दोन्ही पचवता येतील अशी ती बांधलेली आहे. मी पोचले तेव्हा खोका आलेला होता. तंत्रज्ञ बाईंनी जाड हातमोजे घातले, झाकण उघडलं, सुक्या बर्फाची वाफ टेबलाच्या कडेवरून खाली उतरली. तापमानाची पट्टी पाहिली, एकदाही उणे साठच्या वर गेली नव्हती. मग त्या एकेक नळी उचलून आमच्या यादीशी क्रमांक ताडत मोजू लागल्या. त्या डॅनिशमध्ये, मी मनातल्या मनात मराठीत. शेवटची नळी रॅकमध्ये बसली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “हाल्फ्येर्स?” मी मान हलवली. औट विसा, पुरते सत्तर. त्यांनी सही केली.