पाट्याला टाकी लावण्याआधी दगड वाजवून बघा

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटाचं काम. वडिलांनी छिन्नी हातात देण्याआधी दगड ऐकायला शिकवलं. पाटा-वरवंटा विकत घेताना किंवा जुन्याला टाकी लावून घेताना, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने टोचून पुन्हा खरबरीत करून घेताना, तुम्हीही हे करा. पाटा जमिनीला सपाट टेकवू नका, दोन काठ्यांवर ठेवा आणि हातोडीने हलकेच ठोका. चांगला काळा दगड खणखणीत वाजतो. आवाज बद्द आला तर आत चीर असण्याची शक्यता मोठी. मग त्यावर पाणी ओता, फडक्याने पुसा आणि थांबा. बाकी दगड सुकतो, चिरेत मात्र पाणी मुरलेलं असतं, तिथे ओली काळी रेघ उरते. असा दगड घेऊच नका, टाकीच्या घावाने तो उकलतो. पांढरे खडे भरलेला दगडही टाळा, ते निखळून वाटणात येतात.

टाकी लावल्यावर पाटा ब्रशने घासून धुवा. भिजवलेले तांदूळ वाटा आणि टाकून द्या. वाटण पांढरंशुभ्र येईपर्यंत आणि बोटांना कचकच लागेनाशी होईपर्यंत पुन्हा वाटा. तीन-चार घाणे तरी लागतातच.

टाकी लावणाऱ्याला नाका-तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क (एन-९५सारखा) आणि डोळ्याला चष्मा लावायला जरूर सांगा. दगडाची भुकटी छातीत बसते.