बलून पायलट व्हायचंय? या चुका टाळा

हॉट एअर बलूनचं लायसन्स म्हटलं की डोळ्यांपुढे आकाश येतं. या छंदाचा मोठा भाग मात्र जमिनीवरच घडतो: हवामान बघणं, कापड पसरणं, गॅसच्या टाक्या भरणं, गाडीतून फुग्याचा पाठलाग करणं आणि कित्येक सकाळी सगळं गुंडाळून न उडताच घरी येणं. नवशिक्यांच्या चुकाही बहुधा तिथेच सुरू होतात. खालचे नियम अमेरिकेतल्या एफएएचे, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेचे आहेत, कारण या छंदाचं माहेरघर म्हणावं असं अल्बुकर्की शहर तिथे आहे.

थेट बास्केटमध्ये चढण्याची घाई

खासगी पायलटच्या लायसन्सला किमान १० तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यात इन्स्ट्रक्टरबरोबर किमान ६ उड्डाणं, निघाल्या जागेपासून २,००० फूट उंच जाणारं एक उड्डाण आणि एक एकट्याचं उड्डाण धरलेलं असतं. त्याशिवाय लेखी परीक्षा आणि परीक्षकासमोर तोंडी व प्रत्यक्ष चाचणी. शिकाऊ परवाना १४व्या वर्षी मिळतो, लायसन्स १६व्या. दहाच तास? एवढंच ना, असं वाटतं आणि माणूस लगेच तास मोजायला लागतो. त्यापेक्षा आधी एक मोसम कुणाच्या तरी क्रूमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या मदतनीसांत घालवा. पंख्याने फुगा भरताना त्याचं तोंड धरून उभं राहणं, शेंड्याचा दोर सांभाळणं, कुंपणं आणि कच्चे रस्ते ओळखत मागे धावणं, हे कुठल्याही वर्गात शिकवून येत नाही.

क्रूमध्ये असताना कपडे सुती घाला. नायलॉन, पॉलिस्टर आगीजवळ वितळून अंगाला चिकटतं. हातमोजे चामड्याचे हवेत. दोर हाताला गुंडाळायचा नाही आणि पाय जमिनीवरून सुटतायत असं वाटलं की क्षणात सोडून द्यायचा.

एखाद्या महोत्सवात दोराला बांधलेल्या फुग्यात वर-खाली करून आलेल्यांना वाटतं, आपण उडलो. बांधलेला फुगा वाऱ्याशी झगडतो, सुटा फुगा वाऱ्याबरोबर जातो. दोन्हींचा अनुभव अगदी वेगळा.

हवा ‘छान दिसते’ म्हणून निघणं

जिवावर बेतणारी चूक ही. सूर्योदयानंतरचे साधारण दोन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन, एवढीच उडण्याची वेळ. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि फुगा पायलटच्या हातात राहत नाही. जमिनीलगतचा वारा पाच-सहा नॉटच्या (ताशी साधारण ९ ते ११ किमी) वर असेल तर नवशिक्याने थांबावं. खालचा वारा शांत म्हणजे वरचाही शांत, असंही नाही. म्हणून हीलियमचा छोटा फुगा सोडून तो कुठल्या उंचीवर कुठे वळतो ते आधी बघायचं.

अल्बुकर्कीत ऑक्टोबरमधल्या काही सकाळी थंड हवा रिओ ग्रांडे नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकते आणि वरचा वारा उत्तरेकडे वाहतो. नुसती उंची बदलत पायलट निघाल्या जागेजवळ परत येतात. १९७२पासून भरणाऱ्या तिथल्या फिएस्टात, म्हणजे बलून महोत्सवात हे बघून नवख्यांचा समज होतो की फुगा हवा तिकडे वळवता येतो. इतर ठिकाणी अशी सोय क्वचितच.

धुकं आणि खाली आलेले ढग असतील तर चर्चाच नको. ३० जुलै २०१६ रोजी टेक्ससमधल्या लॉकहार्टजवळ फुगा विजेच्या तारांवर आदळून त्यातले सर्व १६ जण मेले. त्या सकाळी धुकं होतं, तरी उड्डाण झालं. तपासात पायलटच्या निर्णयांवर बोट ठेवलं गेलं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना उद्या परत जायचंय, म्हणून वारा थांबत नसतो. त्यांना नाश्त्याला घेऊन जा.

फुगा सारखा वर-खाली होतोय

बर्नरने आग दिल्यावर फुगा लगेच वर जात नाही. मध्ये आठ-दहा सेकंद जाऊ शकतात. नवशिका तेवढा दम धरत नाही, आणखी आग देतो. मग फुगा भसकन चढतो, घाबरून तो गरम हवा सोडणारी वरची झडप उघडतो आणि पुन्हा खाली येतो. उपाय एकच: छोटी आग, मग वाट बघणं. डोळे उंचीमापकावर खिळवू नका, क्षितिजाकडे ठेवा.

झाडांच्या आडोशातून निघताना मात्र उलट वागावं लागतं. आडोशाच्या वर डोकं काढताच वाऱ्यामुळे फुग्याच्या शेंड्यावर तात्पुरती उचल तयार होते. फुगा वाऱ्याच्या वेगाला आला की ती उचल संपते आणि तो खाली बसतो, नेमका समोरच्या कुंपणावर. म्हणून तिथून निघताना उष्णता भरपूर असू द्या आणि वर गेल्यावरही आग चालू ठेवा.

विजेच्या तारा दिसल्यावर वरून जायचा हट्ट

अंतर पुरेसं असेल तर वर चढा. धडक टळणार नाही असं दिसलं, तर शेवटच्या क्षणी आग देऊन पार होण्याचा प्रयत्न करू नका. झडप पूर्ण उघडून झपाट्याने खाली या, म्हणजे तारांना बास्केट लागण्याऐवजी वरचं कापड लागेल. गॅस बंद करा. वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत क्रूने फुग्याला हात लावायचा नाही.

थंडीत ज्योत मंदावली

बर्नर बिघडला असेल असं नाही. थंडीत प्रोपेनचा, म्हणजे बर्नरच्या गॅसचा दाबच उतरतो. टाक्या आदल्या रात्री उबदार जागी ठेवतात किंवा त्यात नायट्रोजनने दाब वाढवतात. ज्योतीने टाकी तापवणं म्हणजे आत्मघात. आणि एक भरलेली टाकी कायम राखीव असावी.

उतरल्यावर पायलटने सांगितल्याशिवाय कुणी बास्केटबाहेर पाय ठेवायचा नाही. एक माणूस उतरला की तेवढं वजन कमी होतं आणि फुगा पुन्हा उचलला जातो. कापड दवाने ओलं झालं असेल तर एक-दोन दिवसांत वाळवा, नाहीतर बुरशी धरते. जुना फुगा घेताना रंग बघून भाळू नका. त्याची नोंदवही वाचा आणि कापडाची मजबुती अधिकृत दुरुस्ती केंद्रात तपासून घ्या.

लायसन्स मिळाल्यावरची नेहमीची चूक पैशांची असते. खासगी पायलट प्रवाशांकडून भाडं घेऊ शकत नाही. उड्डाणाचा खर्च वाटून घेता येतो, पण स्वतःचा वाटा त्याला भरावाच लागतो. भाडं घ्यायचं तर व्यावसायिक लायसन्स हवं: वय १८ आणि पायलट म्हणून किमान ३५ तास. २०२३पासून भाड्याने प्रवासी नेणाऱ्या बलून पायलटला दुसऱ्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. रक्तदाब वा मधुमेहाची गोळी सुरू असेल तर त्या खर्चाच्या वाटेला लागण्याआधी विमान-वैद्यकीय डॉक्टरांना गाठा.